पट्ट्यांवरची नावं

त्या शनिवारी सकाळी साडेसातला मीनल मागच्या बागेत गुडघे टेकून बसली होती आणि आईने लावलेल्या पट्ट्या एकेक करून उपटत होती. एप्रिल संपत आला होता. ऊन चांगलं पडलं होतं, तरी बोटं गारठत होती. अकरा वाजता डोंगरी रोपं लावणाऱ्यांच्या क्लबाची माणसं बाग बघायला यायची होती आणि त्यांच्यासमोर या पट्ट्या नकोत, हे तिने आधीच ठरवून टाकलं होतं.

बाग म्हणजे काय, नेदरलँड्सच्या वाखनिंगनमधल्या ओळीतल्या घरामागे असते तेवढीच जागा. शेजाऱ्यांनी तेवढ्यात फरशी घालून झोपाळा ठेवला होता. इथे मात्र एक जुना दगडी हौद होता, कुठल्याशा शेतावर गुरांना पाणी पाजायचा, आणि त्याच्या शेजारी फुटक्या कौलांचे तुकडे कपाटातल्या वह्यांसारखे उभे खोचून केलेला उतार. कौलांमधल्या फटींत, खडीत, उंच डोंगरांवर उगवणारी बारकी रोपं. त्यातली बहुतेक सॅक्सिफ्राज: बटणाएवढ्या पानांचे घट्ट झुबके, आणि पानांच्या कडेने सुईच्या टोकाने लावल्यासारखे चुन्याचे ठिपके. आईने ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा म्हणाली होती, "अगं, हे तर आपल्या पाषाणभेदाचं भावंड. मुतखड्यावर वैद्य द्यायचे तो." मीनलची डॉक्टरेट वनस्पतिशास्त्रातली. तिने हळूच फोनवर शोधून पाहिलं. आईचं बरोबर होतं.

पट्ट्यांवर एकही लॅटिन नाव नव्हतं. कुणीतरी रस्त्यावर टाकून दिलेल्या खिडकीच्या पडद्याच्या पांढऱ्या पट्ट्या आईने कात्रीने कापल्या होत्या आणि त्यांवर पेन्सिलीने लिहिलं होतं. पेन्सिल पावसात जात नाही, हा तिचा शोध. आई सांगली डेपोत एसटीच्या आरक्षणाच्या खिडकीत तीस वर्षं बसली होती, म्हणून रोपांना डेपोतल्या माणसांची नावं. पुढे नाव, मागे सूचना. 'शैला कंडक्टर. उन्हात बसेल, कुरकुर नाही. भिजली की गेली.' 'डेपो मॅनेजर. थाट मोठा, मुळं बोटभर.' 'कॅशियर. ऊन असेल तरच उघडतो, ढग आला की खिडकी बंद.' हा कॅशियर म्हणजे निळंशार जेन्शियन. तेवढं एक मीनलला पाठ होतं.

"उपटतेयस होय गं?" आई चहाचे दोन कप घेऊन दारात आली. साडीवर जावयाचं, राजनचं, जुनं जाकीट, पायात रबरी बूट.

"लोकांना वाचता यायला नको का, आई? मी सगळ्यांच्या नीट पट्ट्या छापून आणल्यात."

"लाव की. शैलाला पाणी घालू नकोस म्हणजे झालं."

"कोण शैला?"

"तुझ्या गुडघ्याखाली आहे ती. ऊठ."

मीनल दचकून बाजूला झाली. आईने वाकून चपटलेला झुबका दोन बोटांनी सरळ केला, चिमटीत बारीक खडी घेतली आणि पानांखाली गोल फिरवून सोडली. रांगोळीची कड काढावी तशी. सगळं तीन सेकंदांत. "आणि डब्यात क्रमाने ठेव हं. संध्याकाळी परत खोचायच्यात."

"हो," मीनल म्हणाली आणि दह्याच्या रिकाम्या डब्यात पट्ट्या टाकत राहिली. क्रमाने ठेवल्या नाहीत. एकसष्ट पट्ट्या होत्या आणि घाई होती. शिवाय आईला पट्टी नसली तरी कोण कुठे बसलंय ते कळायचंच.

हे सगळं सहा वर्षांपूर्वी सुरू झालं. बाबा, म्हणजे नीळकंठ माईणकर, गेल्यावर आई पहिल्यांदा इकडे आली. व्हिसा नव्वद दिवसांचा. तेव्हापासून वर्षातून दोन खेपा: मार्च ते मे, आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर. वसंतात रोपं फुलायची तेव्हा ती हजर, आणि हिवाळ्याच्या भिजीपासून त्यांना वाचवायला जुन्या तसबिरींच्या काचा छपरासारख्या बसवायच्या असत तेव्हाही हजर. मधले सहा महिने ती सांगलीहून फोनवर असायची. "कॅमेरा खाली घे. अजून खाली. मला तुझं नाक नकोय, खडी दाखव." मीनल फोन धरून सांगितलं तेवढं करायची. क्लबाचं सभासदत्व मीनलच्या नावावर घेतलं, कारण पत्रकं डचमध्ये आणि इथे कायमचा पत्ता तिचाच. बियांची पाकिटं तिच्या नावाने येत. पहिल्या वर्षी वसंतातल्या प्रदर्शनात दोन कुंड्या ठेवल्या, त्याही तिच्या नावाने. लोकांनी अभिनंदन केलं. आई त्या दिवशी सर्दीने घरी होती. मीनल "थँक यू" म्हणाली, आणि तिथून पुढे ते दुरुस्त करायला दर वर्षी थोडं जास्त जड झालं.

अकरा वाजता अकराजण आले. अध्यक्ष वाउटर सत्तरी ओलांडलेला, गळ्यात भिंग अडकवलेला. घरात पाऊल टाकायच्या आधी तो बागेच्या फरशीवर सरळ पालथा झोपला आणि भिंगातून कौलांच्या फटी पाहू लागला. आई खिडकीतून बघत होती. "बरा आहे ना गं तो?" तिने विचारलं. भार्गवी, मीनलची पंधरा वर्षांची मुलगी, हसून हसून ओट्याला टेकली.

वाउटरने दोन ठिकाणी मीनलच्या छापील पट्टीवर बोट ठेवून हळूच विचारलं, नाव नक्की हेच का? मग उठून बसला, गुडघे झाडले आणि म्हणाला, "मी चाळीस वर्षं ही रोपं लावतोय. पण खडी अशी पानाखाली सरकवलेली मी कुणाकडे पाहिली नाही. एक दाणा पानावर नाही. कसं करता तुम्ही?"

"चिमटीने," मीनल म्हणाली. "सकाळी ऑफिसला जायच्या आधी थोडं थोडं."

"आणि तुमच्या आई? त्याही याच क्षेत्रातल्या?"

"नाही, नाही. ती सुट्टीवर आलीय. घरीच असते. पाणीबिणी घालते, एवढंच."

डचमध्ये, भराभर, एका दमात. मागे वळली तर आई कॉफीचा ट्रे आणि नारळाच्या वड्या घेऊन दोन हातांच्या अंतरावर उभी.

वाउटर उठून आईजवळ गेला. लहान मुलाशी बोलावं तसं सावकाश म्हणाला, सुंदर बाग आहे, हो ना?

"या. मोई," आई म्हणाली. हो, सुंदर. मग हनुवटीने मीनलकडे दाखवत तिने अजून दोन शब्द जुळवले. "माइन दोख्टर." माझी मुलगी.

सगळे खूश होऊन हसले. मीनलने आईच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मग लगेच वड्यांकडे.

संध्याकाळी जेवताना आईने बोटं चोळत सांगितलं, बायका वड्यांची कृती विचारत होत्या, एकीने तर चार खाल्ल्या. मीनल हसली. तिला काहीतरी म्हणायचं होतं. "आई, ते लोक मला विचारत होते ना," एवढं म्हणून ती थांबली.

"विचारू देत की. एसटीत तरी काय असतं? गाडी ड्रायव्हर हाकतो, पाटीवर नाव गावाचं." आईने भाकरीचा तुकडा मोडला. राजन मोठ्याने हसला. मीनलही हसली, जरा जास्तच.

भार्गवी डचमध्ये म्हणाली, "पण बाग आजीची आहे. तू खोटं का बोललीस?"

"काय म्हणतेय गं ती?" आईने विचारलं.

"काही नाही. भाजी नको म्हणते."

आईने भार्गवीच्या ताटाकडे पाहिलं. भाजी संपलेली होती. उठताना ती टेबलाला हात टेकून म्हणाली, "पट्ट्या उद्या खोचू. आज कंबर गेली."

रविवारी सकाळी आई उठली नाही. चहाला हाक मारायला भार्गवी वर गेली आणि तिनेच प्रथम पाहिलं. सुट्टीच्या दिवशी नेहमीचा हाउसआर्ट्स, म्हणजे घरचा डॉक्टर, नसतो, म्हणून ड्यूटीवरची तरुण डॉक्टरीण आली. हृदय, झोपेत, त्यांना काही कळलं नसेल, असं म्हणाली. शेवटचं वाक्य मीनलने किती वेळा मनात फिरवलं त्याला गणती नाही. काही कळलं नसेल. पुढचा आठवडा राजनने निभावला: खेमेंटेतले, म्हणजे नगरपालिकेतले, कागद, इन्शुरन्सवाल्यांचे फोन, इकडचे अंत्यसंस्कार, स्क्रीनवर सांगलीतले नातेवाईक.

क्लबाचं कार्ड आलं. खाली वाउटरच्या अक्षरात चार ओळी होत्या: सगळं सावरलं की, अगदी सवडीने, नोव्हेंबरच्या सभेत आर्नहेमला तुमच्या पद्धतीबद्दल बोलाल का? नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं. मीनलने 'हो' लिहून पाठवलं.

मे सरला, जून आला. डबा बागेच्या दारामागे तसाच. त्यात एकसष्ट पट्ट्या, बाहेर एकसष्ट रोपं, आणि कुठली कोणाची ते सांगणारं कुणी नाही. 'वरून पाणी नको, कडेने द्या.' कुणाला? 'दुपारी एकनंतर ऊन लागलं तर रुसते.' कोण? मीनल ऑफिसात टोमॅटोच्या जनुकांचे तक्ते वाचायची. कुठल्या तुकड्याने कुठला रोग अडतो ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगितलं असतं. बागेत मात्र ती पाण्याची झारी हातात धरून नुसती उभी राहायची. मग सगळ्यांना सारखंच पाणी घालायची. हौदाच्या मधला एक झुबका आतून तपकिरी पडत गेला, करपलेल्या भाकरीसारखा. काळ्या मेर्ल पक्ष्याने दोन उपटून फरशीवर टाकले. ते परत कसे बसवायचे ते तिला जमलं नाही. जुलैअखेर चौदा गेले.

सहा वर्षं ती स्वतःची समजूत घालत आली होती की अर्धी बाग आपली आहे. सहा महिने कोण बघतं? आपणच ना. आता कळलं, सहा महिने तिने फक्त फोन धरला होता.

ऑगस्टमध्ये एका दुपारी तिने आईचा फोन चार्ज केला. नावांच्या यादीत 'शैला कंडक्टर' होती. खरीखुरी. मीनलने बराच वेळ ते नाव बघितलं आणि मग आपल्या फोनवरून नंबर लावला.

"कोण? वसुधाची मीनल? अगं बाई!" पलीकडचा आवाज बसच्या मागच्या बाकापर्यंत पोचेल असा. रडून झालं, चौकशा झाल्या. मग मीनलने चाचरत विचारलं, "मावशी, एक विचित्र विचारू? आईने एका रोपाला तुमचं नाव दिलं होतं."

"माहितीय की! फोटो पाठवायची. 'ही बघ शैला, आज फुलली.' मी म्हणायचे, मेले, निदान जरा उंच तरी रोप निवडायचंस."

"ते कुठलं ते मला सापडत नाहीये. पट्टीवर लिहिलंय, भिजली की गेली."

शैलामावशी खो खो हसली. "मला न्यूमोनिया झाला होता ना ते! तेव्हापासून पावसात छपराखालची ड्यूटी मागायची मी. कंट्रोलरशी वसुधाच भांडायची माझ्यासाठी. तुमच्याकडे छप्पर कुठंय? तिथं बघ. ती मला छपराखालीच बसवणार."

स्वयंपाकघराच्या खिडकीवरची पन्हळ जिथे पुढे येते तिथे, भिंतीला चिकटून, एक राखाडी झुबका होता. जिवंत. मीनलची झारी तिथवर पोचत नव्हती म्हणून वाचलेला. ती फोन कानाला धरून तिथेच उकिडवी बसली.

मग हा उद्योगच झाला. दर दोन-चार दिवसांनी फोन. शोभा चौकशी खिडकीवाली कशी होती? एकटी बसली की जेवायची नाही, दोघी-तिघी लागायच्या. म्हणजे ती फटीतली तिघींची ओळ. डेपो मॅनेजर? सगळ्यांच्या वर, जिन्यावरच्या केबिनमध्ये. म्हणजे उताराच्या टोकावरचा लाल मखमली झुबका. असं करत करत एकोणतीस पट्ट्या परत जागेवर गेल्या. मीनलने आपल्या छापील पट्ट्या काढून टाकल्या. तिच्या लक्षात आलं, आपल्याला आईची ही माणसं कधी माहीतच नव्हती. आई डेपोतलं काही सांगायला लागली की मीनल लॅपटॉप उघडायची. आणि कॉलेजात, फॉर्मवर 'आईचा व्यवसाय' लिहायची वेळ आली की ती 'गृहिणी' लिहायची. कुणी सांगितलं नव्हतं तसं लिहायला.

सप्टेंबरात एकदा शैलामावशी बोलता बोलता म्हणाली, "त्या शनिवारी पण तिचा फोन आलेला मला. जेवण झाल्यावर. आवाज थकलेला होता. पण खुशीत होती हो. म्हणाली, आज माझ्या बागेला अकरा माणसं आली, एक तर जमिनीवर झोपूनच बघत होता."

"अजून काय म्हणाली?"

"काय बाई... हां. मी विचारलं, मग तू काय काय सांगितलंस त्यांना? तर म्हणाली, मी कुठली सांगते, मी आज चहावाली होते." शैलामावशी हसली. "आणि म्हणाली, पुढच्या वर्षी भाषा येईल मला. रोज शिकतेय. मग मीच सांगेन. असली जिद्दीची. सांगितलं असतं हो तिने."

"हो," मीनल म्हणाली. तिने फोन ठेवला आणि सिंकमधली भांडी परत एकदा घासली.

नोव्हेंबरातल्या शनिवारी दुपारी आर्नहेमला वस्तीकेंद्राच्या हॉलमध्ये साठेक माणसं जमली. बाहेर रिपरिप, आत ओल्या कोटांचा आणि कॉफीचा वास. राजन आणि भार्गवी तिसऱ्या रांगेत बसले. मीनलने चाळीस चित्रं तयार केली होती: खडीचं प्रमाण, फटींची खोली, काचांचा उतार. शेवटच्या चित्राखाली तिने बारीक अक्षरात टाकलं होतं, 'आईच्या स्मृतीस.' दोन आठवडे विचार करून ही तोड काढली होती. त्यात खोटं काही नव्हतं. ज्याला समजायचं त्याने समजावं. ट्रेनमध्ये भार्गवीने ते लॅपटॉपवर पाहिलं आणि खिडकीबाहेर बघू लागली.

वाउटरने ओळख करून दिली. संशोधक म्हणून, माळीण म्हणून. मग चष्मा काढून म्हणाला, "वसंतात आम्ही यांची बाग पाहिली. आई भेटल्या होत्या. त्यांना मुलीच्या बागेचा केवढा अभिमान होता, आम्ही सगळ्यांनी पाहिलं. आज त्या असत्या तर पुढच्या रांगेत बसल्या असत्या."

माणसांनी माना हलवल्या. कुणी हळू टाळ्या वाजवल्या. मीनल उभी राहिली. पडद्यावर पहिलं चित्र होतं, हौद, आणि वर तिचं नाव. टाळ्या थांबायची ती वाट बघत राहिली. त्या थांबल्या. पहिल्या रांगेतल्या बाईने पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला.

"नाही," ती म्हणाली. "नाही. ती बाग माझी नव्हती. सगळी आईची होती. वसुधा माईणकर. मी एकही रोप लावलेलं नाही. खडी कशी सरकवायची ते मला येत नाही. ती गेल्यापासून मी चौदा रोपं मारली."

वाउटरच्या हातातला चष्मा तसाच राहिला. मीनलने टेबलाची कड धरली.

"एप्रिलमध्ये तुम्ही विचारलंत तेव्हा मी म्हणाले, ती पाणी घालते. ती माझ्या मागे उभी होती. तिला तेवढं डच समजत होतं. तिला समजलं, हे मला तेव्हाच दिसलं होतं. संध्याकाळी जेवताना बोलायला वेळ होता, तेव्हाही मी बोलले नाही."

"पण का?" वाउटरने विचारलं. त्यात राग नव्हता. त्याला खरंच कळलं नव्हतं.

घाईत बोलून गेले, भाषा परकी, सभासदत्व माझ्या नावावर. सगळी उत्तरं तयार होती, सहा वर्षं घासूनपुसून ठेवलेली. मीनलने तिसऱ्या रांगेकडे पाहिलं नाही.

"ती बसच्या डेपोत तिकिटांच्या खिडकीत बसायची," ती म्हणाली. "मला तिची लाज वाटत होती."